एकांडा व्रण : भरून येतो तेव्हा काय होते?

शौचाच्या वेळी रक्त दिसले, की आपल्याकडे निदान आधी होते आणि तपासणी नंतर. नाव एकच असते : मूळव्याध. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे धाड घ्या, नाहीतर घाटाखालचे कोणतेही बाजारगाव घ्या. बसस्थानकाच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन’ अशी पाटी सापडणारच. रक्त जाणाऱ्या माणसांत बहुतेकांना खरोखर मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर असते, हेही खरे. त्यामुळे अंदाज बहुधा बरोबर निघतो, आणि तो बहुधा बरोबर निघतो म्हणूनच जेव्हा चुकतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

या चुकलेल्या अंदाजांमध्ये एक आजार असा आहे की ज्याचे नाव सामान्य वाचकाने बहुधा ऐकलेले नसेल. वैद्यकात त्याला ‘सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम’ म्हणतात. गुदाशयातला एकांडा व्रण. तो कर्करोग नाही, संसर्गाचा नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही. लाख माणसांमागे वर्षाला एखाददुसरा नवा रुग्ण, इतका तो विरळा मानला जातो. पण विरळा आजार विरळाच दिसतो की विरळाच ओळखला जातो, हा प्रश्न ज्या भागात गुदाशयाची दुर्बिणीने तपासणी व्हायला जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, तिथे विचारलाच पाहिजे. पहिल्या त्रासापासून निदानापर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, असे प्रगत देशांतल्या नोंदीही सांगतात. काहींच्या बाबतीत तर हा काळ तीस वर्षांपर्यंत लांबलेला आहे. त्या पाच वर्षांत रुग्ण काय करतो? मलमे लावतो, पुड्या घेतो, तिखट सोडतो, पुन्हा धरतो, आणि कधी एखाद्या अप्रशिक्षित हाताकडून गुदद्वाराजवळ दाहक औषधाचे इंजेक्शन घेऊन नवेच दुखणे ओढवून घेतो.

लक्षणे सांगायला संकोच वाटतो, पण ती ओळखीची आहेत. शौचाला वारंवार जावेसे वाटते, गेल्यावर पोट साफ झाल्याचे समाधान मिळत नाही. बराच वेळ कुंथावे लागते. रक्ताबरोबर आव पडते. ओटीपोटात किंवा गुदद्वाराशी जडपणा राहतो. काही जण शेवटी बोट घालून मळ काढतात, आणि ही गोष्ट डॉक्टरलाही सांगत नाहीत. पुरुषांत हा त्रास साधारण विशी ते तिशीत, स्त्रियांत तिशी ते चाळिशीत अधिक दिसतो. म्हणजे कमावत्या, राबत्या वयात.

या आजाराचा पहिला उल्लेख जुना आहे. फ्रान्सचे क्रूवेलिये यांनी १८२९ साली गुदाशयातल्या अशा वेगळ्या वाटणाऱ्या व्रणांचे चार रुग्ण नोंदवले. नाव मिळाले ते शंभर वर्षांनी, १९३०च्या दशकात, लंडनमध्ये. आणि आजाराची नीट ओळख पटली ती १९६९ साली, लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मॅडिगन आणि मॉर्सन यांनी ६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा. गंमत अशी, की तोवर रूढ झालेले नाव चुकीचे होते. ‘एकांडा’ म्हणावा तर कित्येकांना दोन-तीन व्रण असतात. ‘व्रण’ म्हणावा तर कित्येकांना व्रणच नसतो, नुसता लालसर डाग किंवा मांसल उंचवटा असतो. खराखुरा एकटा व्रण असलेले रुग्ण पाचात एखादाच. तरी नाव टिकले. वैद्यकात चुकीची नावे फार चिवट असतात.

व्रण होतो कसा, हे समजून घेतले तर तो भरून येताना काय घडते तेही समजते. गुदाशयाच्या खालच्या टोकाला एक स्नायू असतो. तो गोफणीसारखा मागून वळसा घालून गुदाशयाला पुढे ओढून धरतो. शौचाच्या वेळी ही गोफण सैल व्हावी लागते. काही माणसांत ती सैल होण्याऐवजी उलट आवळते. वरून जोर, खालून बंद दार. अशा स्थितीत रोज कुंथत राहिले की गुदाशयाचे आतले अस्तर, विशेषतः पुढच्या भिंतीचे, सुटून खाली सरकते आणि त्या बंद दारात चेपले जाते. चेपलेल्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो. रोज थोडा. गुदद्वारापासून साधारण पाच ते दहा सेंटिमीटर आत, बहुधा एक-दीड सेंटिमीटरचा, उथळ, पांढरट तळाचा व्रण पडतो, तो असा. बोटाने मळ काढताना होणारी इजा हेही एक कारण सांगितले जाते. सगळ्यांच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

आता भरून येण्याविषयी. हाताला कापले तर आठ-दहा दिवसांत खपली धरते, आणि महिन्याभराने कुठे कापले होते ते शोधावे लागते. आतड्याचे अस्तर तर त्वचेपेक्षाही झपाट्याने नवे होते. त्याच्या पेशी काही दिवसांतच बदलतात. मग हा व्रण वर्षानुवर्षे का रेंगाळतो? कारण त्याला भरून यायला सवड मिळत नाही. रात्रभरात नव्या पेशींचा पातळ थर चढतो आणि सकाळी पुन्हा तोच जोर, तीच चेपाचेपी. भरणे आणि फाटणे एकाच जागी, एकाच वेळी चाललेले असते.

अशा जागी शरीर मग वेगळा उपाय करते. मऊ अस्तराच्या ठिकाणी ते टणक ऊतक भरू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र फार बोलके दिसते. निरोगी गुदाशयात अस्तराच्या ग्रंथी परीक्षानळ्यांसारख्या एका ओळीत सरळ उभ्या असतात आणि त्यांच्या मधली जागा सैल, मऊ असते. या आजारात त्या मधल्या जागेत तंतू आणि स्नायूंचे धागे खालून वर चढतात. अस्तराच्या तळाशी स्नायूचा जो पातळ पडदा असतो तो जाड होतो आणि त्याचेच धागे ग्रंथींच्या मधून उभे वाढतात. ग्रंथी वाकड्यातिकड्या होतात, काही शंकरपाळ्यासारख्या चौकोनी दिसू लागतात. रोगनिदानतज्ज्ञ या आजाराची खूण म्हणून हेच शोधतात. व्रणापेक्षा ही खूण जास्त विश्वासाची.

पुढचा टप्पा आणखी चकवणारा आहे. जखम भरताना काही ग्रंथी त्या स्नायूच्या पडद्याखाली अडकून पडतात. वरचे तोंड बंद, आत चिकट स्राव तयार होणे चालूच. मग तिथे स्रावाने भरलेल्या लहान-मोठ्या पिशव्या होतात. वरून दुर्बिणीने पाहिले तर गाठ दिसते. जिथे व्रण होता तिथे आता उंचवटा आहे. आणि उंचवटा दिसला, त्यातून रक्त येत असले, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला शब्द कोणता येतो ते सांगायला नको.

इथेच या निरुपद्रवी आजाराचा खरा धोका आहे. स्राव पाझरणाऱ्या ग्रंथी आतड्याच्या खोल थरात दिसणे हे कर्करोगाच्या एका प्रकाराचेही लक्षण आहे. फरक बारीक असतो. अडकलेल्या ग्रंथींचे अस्तर साधे, शिस्तीत असते, त्यांच्याभोवती मूळच्या सैल ऊतकाचे आवरण टिकलेले असते. कर्करोगाच्या ग्रंथींचे तसे नसते. पण नमुना लहान असेल, वरवरचा असेल, आणि तपासणाऱ्याला रुग्णाची हकिगत कळवलेलीच नसेल, तर बारीक फरक सुटू शकतो. कर्करोग समजून गुदाशय काढून टाकल्याची आणि नंतर काढलेल्या भागात कर्करोग नसल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. पोटावर कायमची पिशवी लावून जगणे म्हणजे काय, हे शेतात राबणाऱ्या माणसाच्या घरी विचारावे.

उलटी चूकही होते, आणि ती अधिक महाग पडते. खोलवरच्या कर्करोगाने अस्तर वर ढकलले गेले की त्या अस्तरातही हेच तंतुमय बदल दिसू शकतात. चिमट्याने घेतलेला नमुना नेमका तेवढाच असला तर अहवाल ‘एकांडा व्रण’ असा येतो, आणि खालचा कर्करोग वाढत राहतो. त्यामुळे अहवाल सौम्य आला तरी चित्र जुळत नसेल, म्हणजे वजन उतरत असेल, रक्त कमी होत असेल, गाठ वाढत असेल, तर पुन्हा, खोलवरचा नमुना घ्यावाच लागतो. भारतात गुदाशयाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात दिसतो, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. तेव्हा ‘पोरगा तिशीचा आहे, त्याला कशाचा कॅन्सर’ हे वाक्य कोणी आधार म्हणून वापरू नये.

उपचाराने व्रण बुजतो का? बुजतो, पण सावकाश, आणि ‘बुजणे’ या शब्दाचे इथे तीन वेगळे अर्थ आहेत. रुग्णाला बरे वाटणे हा एक. दुर्बिणीतून व्रण न दिसणे हा दुसरा. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पूर्ववत होणे हा तिसरा. या तिन्ही गोष्टी बरोबरीने चालत नाहीत. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९१ साली सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा सहा आठवडे देऊन मोजक्या रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला होता. त्रास कमी झाला, दुर्बिणीतून व्रण भरल्याचे दिसले. मात्र नमुन्यातले बदल तसेच होते. अभ्यास छोटा होता, पण त्याने दाखवलेली गोष्ट मोठी आहे. पृष्ठभाग भरला तरी खालचे तंतू, जाड झालेला पडदा, वाकलेल्या ग्रंथी ही खूण मागे राहते. शेताचा बांध फुटून पुन्हा घातला तर नवा भराव वर्षानुवर्षे ओळखू येतो, तसेच हे.

म्हणून बरे वाटत असलेल्या रुग्णाच्या हाती दोन वर्षांनी पुन्हा तोच अहवाल आला तर ‘आजार उलटला’ असा अर्थ लगेच काढायचा नसतो. जुनी खूण असू शकते. याच्या उलट, दुर्बिणीतून व्रण अजून दिसतो पण रक्त थांबले आहे, शौचाला सोपे जाते, असा रुग्ण अपयशी ठरवून शस्त्रक्रियेकडे ढकलायचा नसतो. या आजारात माणसावर उपचार करायचे असतात, फोटोवर नाही. हे तत्त्व म्हणून सगळेच मान्य करतात. ओपीडीत रंगीत फोटो समोर आला की विसरतात.

उपचाराचा मुख्य भाग गोळीत नाही, आणि म्हणूनच तो रुग्णाला उपचार वाटत नाही. कुंथणे थांबवणे हे पहिले. भावना झाली की जावे, नाही झाली तर बसून राहू नये. पाच-सात मिनिटांपलीकडे संडासात थांबायचे काम नाही, मग हातात वर्तमानपत्र असो की मोबाईल. आहारात दिवसाला तीसेक ग्रॅम चोथा जावा. वऱ्हाडात हे अवघड नव्हते. ज्वारीची भाकर, अख्ख्या डाळी, उसळ, पालेभाजी यांत तो आपोआप जायचा. सोयाबीन आणि कापसाच्या मागे ज्वारीचे पेरे घटले, ताटात भाकरीची जागा पोळीने आणि पाव-बिस्किटाने घेतली, आणि चोथा गेला. इसबगोल घ्यावा, पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडा इसबगोल मळाचा गोळा अधिकच घट्ट करतो. नेहमी जुलाबाच्या गोळ्या घेऊन पोट ‘धुऊन’ काढणे हा मार्ग नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या गोफणीला पुन्हा सैल व्हायला शिकवणे. याला बायोफीडबॅक म्हणतात. गुदद्वाराशी लहान संवेदक लावून रुग्णाला पडद्यावर दाखवले जाते की तो जोर करतो तेव्हा त्याचा स्नायू आवळतो आहे. मग श्वास, पोटाचे स्नायू आणि बसण्याची ढब यांचा मेळ घालून तो सैल कसा सोडायचा ते शिकवतात. सेंट मार्क्समध्येच २००४ साली १६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या शिक्षणाने बहुतेकांचा त्रास कमी झाला, आणि विशेष म्हणजे गुदाशयाच्या अस्तराचा रक्तपुरवठा सुधारल्याचे मोजमापाने दिसले. सवय बदलली की ऊतकाला रक्त मिळते, इतका थेट संबंध. मात्र शिकलेले विसरतेही. काही रुग्णांत काही वर्षांनी गुण ओसरतो, जुनी सवय परतते, तेव्हा उजळणी लागते. शस्त्रक्रिया उरते ती ज्यांचा गुदाशय खरोखर खाली उतरतो किंवा ज्यांचे रक्त थांबतच नाही त्यांच्यासाठी. तिच्यानंतरही कुंथणे चालू राहिले तर दुखणे परत येते.

ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत सवयीचा उपदेश जपून करावा लागतो. ‘भावना झाली की जा’ हे सांगायला सोपे. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. घरोघरी संडास आले, ही लहान गोष्ट नव्हे. पण कापूस वेचायला किंवा निंदायला दिवसभर दुसऱ्याच्या शेतात असलेल्या बाईला संडास कुठे आहे? ती पाणी कमी पिते, भावना दाबते, आणि पहाटे अंधारात किंवा रात्री घाईघाईने परसाकडे जाऊन जोर करते. पिढ्यानपिढ्या दाबण्याचेच शिक्षण मिळाले आहे. त्यात बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले झालेले. या बाईला रक्त पडते हे घरात नवऱ्याला कळायला वर्ष लागते आणि पुरुष डॉक्टरला दाखवायला आणखी एक. तिच्या आजाराला ‘सवयीचा आजार’ म्हणताना ही सवय तिला कोणी लावली, हेही लिहून ठेवावे.

शासकीय व्यवस्थेकडून अपेक्षा काय करावी? मोठ्या यंत्रांची मागणी करणे सोपे असते. त्याआधी एक साधी, बिनखर्चाची गोष्ट व्हावी : रक्त जाते म्हणून आलेल्या प्रत्येक रुग्णाची, संमती घेऊन, आडोसा करून, स्त्री रुग्ण असेल तर परिचारिका सोबत ठेवून, हातमोज्याच्या बोटाने तपासणी. गुदाशयातल्या कित्येक गाठी एवढ्यानेच हाताला लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी टळते ती वेळेअभावी तितकी नाही जितकी दोन्ही बाजूंच्या संकोचामुळे. न तपासता मूळव्याधीचे मलम लिहून देणे ही सोय आहे, उपचार नाही. चाळिशी ओलांडलेला रुग्ण, घटलेले वजन, पांढुरकी झालेली कांती, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पंधरा-वीस दिवसांच्या उपचारानेही न थांबणारे रक्त, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीसाठी पुढे पाठवलेच पाहिजे.

दुसरी अपेक्षा बुलढाण्याकडून आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत बुलढाण्याचे नाव आहे. धाडच्या माणसासाठी याचा अर्थ नुसता डॉक्टरकीच्या जागा वाढल्या एवढा नाही. महाविद्यालय म्हटले की विकृतिशास्त्राचा विभाग आला, म्हणजे नमुना पाहणारा आणि नमुना घेणारा एकाच आवारात आले. या आजारात तर तीच गोष्ट निर्णायक आहे. ‘रुग्ण कुंथतो का, बोट घालतो का, किती वर्षांपासून’ हा एक प्रश्न जिना चढून विचारता आला तर अर्धा गोंधळ मिटतो. आज बहुतेक नमुने बाटलीत घालून दूरच्या प्रयोगशाळेत जातात आणि मागणीपत्रावर ‘गुदाशयातील गाठ’ एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावर पलीकडच्या तज्ज्ञाने काय ओळखावे?

फिजिओथेरपीचे पद भरणे ही तिसरी गोष्ट. सरकारी आरोग्य योजनांचा भर रुग्ण दाखल करून घेण्यावर आणि शस्त्रक्रियेवर असतो. गुदाशय वर ओढून बांधायला पैसे मिळू शकतात. तो खाली येऊ नये म्हणून चार-सहा बैठकांत शौचाची सवय सुधारून देणाऱ्याला मात्र कोण विचारतो? ओटीपोटाच्या स्नायूंचे प्रशिक्षण हे बाळंतपणानंतरच्या लघवीच्या तक्रारींसाठीही लागते, वृद्धांसाठीही लागते. एका विरळ्या आजारासाठी माणूस नेमा अशी ही मागणी नाही.

तोवर रुग्णाने आपल्यापुरती एक गोष्ट करावी. दुर्बिणीचा अहवाल, बायॉप्सीचा अहवाल आणि शक्य असेल तर बायॉप्सीची काच आणि मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेतून मागून घ्यावा. मागितल्यावर तो मिळू शकतो. मेणातला हा नमुना वर्षानुवर्षे टिकतो. पुढे पाच वर्षांनी संभाजीनगरच्या घाटीत किंवा मुंबईत कोणी ‘गाठ आहे, काढावी लागेल’ असे म्हटले, तर नव्या नमुन्याशेजारी जुनी काच ठेवून पाहता येते की हे नवे काही आहे, की जुन्या व्रणाचीच खूण. बहुतेकांच्या घरी हे कागद पावसाळ्यात भिजतात किंवा दवाखाना बदलला की फेकले जातात. सातबाऱ्याचे उतारे ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, त्याच पिशवीत तेही ठेवावेत.